कंपनी एकच, कामं अनेक: मोठ्या टेक कंपनीत पंचवीस वर्षं कशी काढायची?

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की वर्षभरात सुमारे दोन टक्के माणसं, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, कमी केली जातील आणि त्यात मधल्या व वरच्या फळीतले लोक जास्त असतील. हिंजवडीपासून मगरपट्ट्यापर्यंत घराघरात एकच प्रश्न विचारला गेला: पंधरा-पंधरा वर्षं एका कंपनीला दिलेल्यांच्या वाट्याला हे का यावं?

कंपनीने दिलेलं कारण त्या गोंधळात मागे पडलं, पण ते नीट वाचायला हवं. काही लोकांना दुसऱ्या कामावर नेमणं शक्य होत नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. हे कारण प्रत्येकाच्या बाबतीत खरं होतं का, यावर वाद होऊ शकतो. पण त्यातून एक गोष्ट उघड होते. किती वर्षं काढली याला मोठ्या कंपनीत फार अर्थ उरलेला नाही. त्या वर्षांत किती वेगवेगळी कामं जमली, याला आहे.

आपल्याकडे सल्ले दोनच मिळतात. मित्र म्हणतात, दर तीन वर्षांनी कंपनी बदल. घरचे म्हणतात, चांगली कंपनी आहे, टिकून राहा. तिसरी वाट आहे, कंपनी न बदलता काम बदलत राहण्याची. ती कशी चालते हे मात्र फारसं कोणी समजावून सांगत नाही.

मोठी कंपनी आतून कशी असते?

टीसीएसमध्ये सहा लाखांच्या आसपास माणसं आहेत, मायक्रोसॉफ्टमध्ये सव्वादोन लाखांच्या वर. एवढी माणसं एकच धंदा करत नसतात. मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोज आहे, एक्सबॉक्सचे गेम आहेत, कंपन्यांना सर्व्हर भाड्याने देणारं अझ्युर आहे, लिंक्डइन आहे, शिवाय संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत. प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं, कामाचा वेग वेगळा, पैसे कमावण्याची रीतही वेगळी. पगाराची स्लिप, गळ्यातलं ओळखपत्र आणि अप्रेझलची पद्धत तेवढी सारखी. खरं तर हे एका नावाखालचे अनेक धंदे आहेत.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास असतो, चार किंवा सात दिवसांचा. एकदा काढला की प्रत्येक गाडीला वेगळं तिकीट लागत नाही. पण कुठे उतरायचं, पुढची गाडी कोणती धरायची, हे आपणच ठरवायचं. कोणी सातही दिवस पुणे-नाशिक गाडीतच बसून राहिला, तर पासाचे पैसे फुकट गेले. मोठ्या कंपनीतली नोकरी हा असा पास आहे. नव्या गाडीसाठी पुन्हा मुलाखतींच्या पाच फेऱ्या, नोटीस पीरियड आणि पार्श्वभूमीची तपासणी, एवढं सगळं करावं लागत नाही. उतरावं मात्र लागतं.

एका वेळी किती बदलायचं?

कुठल्याही नोकरीचे चार भाग पाडता येतात. एक, हातानं करायचं काम: कोड लिहिणं, टेस्टिंग, डिझाइन, विक्री. दुसरा, विषय: बँकिंग, विमा, चिप, गेम. तिसरा, माणसं आणि जागा. चौथा, जबाबदारीचा आवाका. चारही एकदम बदलले, तर तुम्ही जुन्या ओळखपत्राचे नवखे ठरता आणि पहिल्या अप्रेझललाच मार खाता. चारातलं काहीच पाच-सहा वर्षं बदललं नाही, तर ‘दुसऱ्या कामावर नेमता येत नाही’ या यादीकडे वाटचाल सुरू झालेली असते. मध्यम मार्ग असा की एका वेळी एक भाग बदलावा, फार तर दोन. बाकीचे धरून ठेवावेत.

समजा, एक मुलगी बँकेच्या प्रोजेक्टवर सहा वर्षं टेस्टिंग करते आहे आणि तिला डेटा इंजिनिअरिंगकडे, म्हणजे माहितीचे मोठे साठे गोळा करून वापरण्याजोगे करण्याच्या कामाकडे, जायचं आहे. तिने बँकिंग सोडू नये. नव्या टीममधल्या हुशार मुलांना तिच्यापेक्षा चांगला कोड येत असेल. पण महिनाअखेरीला व्याज जमा होताना कोणत्या खात्यांचे आकडे हमखास गडबडतात, रात्री आपोआप चालणारी हिशेबांची बॅच अडकली की सकाळी शाखांमध्ये नेमकं काय बंद पडतं, हे तिला ठाऊक असतं. पहिले सहा महिने ती या माहितीवर तरून जाते आणि तेवढ्या वेळात नवं काम हाताशी येतं. दोन वर्षांनी ती डेटाचं काम घेऊन विम्याकडे जाऊ शकते. आता काम जुनं असतं आणि विषय नवा.

फ्रान्सिस अ‍ॅलन यांची ४५ वर्षं

हे तत्त्व एका माणसाच्या आयुष्यात पाहायचं असेल, तर मी फ्रान्सिस अ‍ॅलन यांचं नाव सर्वांत आधी घेईन. न्यूयॉर्क राज्यातल्या पेरू नावाच्या गावात त्या शेतकरी कुटुंबात वाढल्या आणि तिथल्याच शाळेत गणित शिकवू लागल्या. पुढे मिशिगन विद्यापीठातून एम.ए. केलं. त्यासाठी घेतलेलं शिक्षणाचं कर्ज डोक्यावर होतं. ते फिटलं की पुन्हा शाळेत परतायचं, अशा हिशेबाने १९५७ मध्ये त्यांनी आयबीएममध्ये नोकरी धरली. तिथून बाहेर पडल्या २००२ मध्ये.

त्यांचं पहिलं काम शिकवण्याचंच होतं. आयबीएमने त्याच वर्षी फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा बाजारात आणली होती आणि कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ती वापरावी अशी कंपनीची इच्छा होती. शास्त्रज्ञांना ते पटत नव्हतं. हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेच्या तोडीचा कोड एखादा प्रोग्रॅम आपोआप तयार करेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. असं भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. माणसाला वाचता येईल असं लिखाण तो यंत्राला कळेल अशा आज्ञांमध्ये उतरवतो. अशा अविश्वासू वर्गाला शिकवायचं म्हणून अ‍ॅलन यांनी फोरट्रानच्या कंपायलरचा कोडच वाचून काढला. पुढची सगळी वाट तिथून निघाली. शिक्षिकेचं कौशल्य घेऊन त्या आत आल्या आणि कंपायलर हा विषय त्यांच्या हाती लागला.

त्यानंतर विषय तोच राहिला, बाकी सगळं बदलत गेलं. ‘स्ट्रेच’ या महासंगणकासाठी काम केलं. त्याला जोडलेल्या ‘हार्वेस्ट’ यंत्रासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेबरोबर काम केलं. ते यंत्र १९६२ मध्ये तिथे बसलं आणि सांकेतिक संदेशांच्या विश्लेषणासाठी वापरलं गेलं. मग अतिवेगवान संगणक बांधणारा एसीएस हा प्रकल्प आला. पुढे १९८० च्या दशकात एकाच वेळी अनेक प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी त्यांनी पीट्रान नावाचा संशोधन गट चालवला. गिऱ्हाईक कधी हेरखातं होतं, तर कधी कंपनीचीच प्रयोगशाळा. कधी प्रत्यक्ष वापरायचा कंपायलर, कधी निव्वळ शोधनिबंध.

यातले काही प्रकल्प फसले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्ट्रेच आधीच्या यंत्रापेक्षा शंभरपट वेगवान होईल असं कंपनीने सांगितलं होतं. तो तेवढा झाला नाही आणि आयबीएमला त्याची किंमत जवळजवळ निम्म्यावर आणावी लागली. एसीएस तर १९६९ मध्ये बंदच झाला. प्रकल्प बंद पडला की त्यावर काम करणाऱ्याला वर्षं पाण्यात गेली असं वाटतं. अ‍ॅलन यांनी त्या अनुभवातून प्रोग्रॅम वेगवान करण्याच्या पद्धतींची शिस्तशीर मांडणी केली. जॉन कॉक या सहकाऱ्यासोबत आणि स्वतंत्रपणे लिहिलेले त्यांचे त्या काळातले निबंध कंपायलरच्या अभ्यासाचा पाया मानले जातात. यंत्रं इतिहासजमा झाली, पण त्या पद्धती आजच्या फोनमधल्या प्रोग्रॅमांपर्यंत पोचल्या आहेत.

१९८९ मध्ये त्या आयबीएम फेलो झाल्या. हा त्या कंपनीतला तांत्रिक माणसांसाठीचा सर्वोच्च मान आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. मान सुरू होऊन तेव्हा पंचवीसहून जास्त वर्षं उलटली होती. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार २००६ साठी त्यांना मिळाला, तिथेही त्या पहिल्याच महिला होत्या.

“पण टिकलेले सगळे सीईओच होतात ना?”

हा आक्षेप हमखास येतो, कारण बातमीत तीच नावं येतात. सत्या नाडेला १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि २०१४ मध्ये सीईओ झाले. मधली वर्षं पाहण्यासारखी आहेत: व्यवसायांसाठीचं सॉफ्टवेअर, मग बिंग हे सर्च इंजिन, मग २०११ पासून सर्व्हरचा विभाग. बिंग गूगलपुढे कधी जिंकलं नाही. पण हजारो सर्व्हरवर पसरलेली सेवा अखंड कशी चालवायची, हे त्यांना तिथे शिकायला मिळालं आणि अझ्युर वाढवताना तेच उपयोगी पडलं. अरविंद कृष्ण १९९० मध्ये आयबीएमच्या संशोधन केंद्रात आले, पुढे धंद्याच्या बाजूला गेले आणि २०२० मध्ये सीईओ झाले. नटराजन चंद्रशेखरन १९८७ मध्ये टीसीएसमध्ये आले, २००९ मध्ये सीईओ झाले आणि पुढे टाटा सन्सचे अध्यक्ष.

एका सीईओमागे लाखो लोक असतात, त्यामुळे या नावांवरून स्वतःचं गणित मांडण्यात अर्थ नाही. अ‍ॅलन मला जवळच्या वाटतात त्या यामुळेच. त्यांनी तांत्रिक काम कधी सोडलं नाही. ते त्यांना शक्य झालं, कारण आयबीएममध्ये वर चढायला दोन शिड्या होत्या. एक माणसं सांभाळणाऱ्यांची, दुसरी निव्वळ तांत्रिक काम करणाऱ्यांची, आणि दोन्हीकडे मान व पगार होता. आजच्या बहुतेक मोठ्या प्रॉडक्ट कंपन्यांत अशी व्यवस्था आहे. आपल्याकडच्या सेवा कंपन्यांत दुसरी शिडी कागदावर असते, पण वरच्या पायऱ्यांवर माणसं फार थोडी दिसतात. दहा वर्षं झाली की टीम लीड, मग डिलिव्हरी मॅनेजर, ही एकच वाट समोर ठेवली जाते. कंपनीत राहायचं की नाही हे ठरवण्याआधी तुमच्या विभागात पन्नाशीचा, कोणीही हाताखाली नसलेला आणि तरीही मान असलेला एखादा इंजिनिअर आहे का, ते बघा.

घोडं अडतं कुठे? रिलीजपाशी

कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर जागा दिसतात, अर्ज करता येतो, नवा मॅनेजर हो म्हणतो. मग जुना मॅनेजर रिलीज, म्हणजे टीम सोडायची परवानगी, देत नाही. सेवा कंपनीत यामागे साधा हिशेब असतो. क्लायंट माणसामागे पैसे मोजतो, त्याला बिलिंग म्हणतात. तुम्ही गेलात की बिलिंग थांबतं किंवा नवा माणूस तयार होईपर्यंत क्लायंट कुरकुरतो. बिलिंगशिवाय बसलेला माणूस बेंचवर असतो आणि बेंचची मुदत आता फार आखडली आहे. टीसीएसने जून २०२५ पासून वर्षात किमान २२५ दिवस बिलिंग हवं असा नियमच केला. त्यामुळे जुनी जागा सोडली आणि नवी हातची गेली, तर माणूस अधांतरी लटकतो. लोक हलायला घाबरतात, ते उगाच नाही.

म्हणून मागणी कशी करता याला महत्त्व आहे. “सर, मला डेटाच्या टीममध्ये जायचंय” एवढंच म्हटलं, तर उत्तर ठरलेलं आहे: “बघू, पुढच्या क्वार्टरला.” तेच असं म्हणून पाहा: “सर, मार्चचं गो-लाइव्ह झालं की मला डेटाच्या टीममध्ये जायचंय. माझं मॉड्यूल आता स्नेहाला येतं, गेल्या दोन महिन्यांतले प्रॉडक्शनचे इश्यू तिनेच सोडवलेत. केटीची, म्हणजे काम समजावून देण्याची, कागदपत्रं फोल्डरमध्ये ठेवली आहेत.” इथे मॅनेजरची अडचण तुम्ही आधीच सोडवलेली असते. नाही म्हणायला त्याला कारण शोधावं लागतं.

दुसरी अडचण अप्रेझलची. टीममधल्या लोकांना एकमेकांच्या तुलनेत क्रम लावून ठरावीक जणांना खालचा शेरा द्यायचाच, अशी पद्धत जिथे असते, तिथे नव्याने आलेला माणूस सोपं सावज ठरतो. त्याच्या बाजूने बोलणारं अजून कोणी नसतं. मायक्रोसॉफ्टमध्ये ही पद्धत वर्षानुवर्षं होती. ती नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद करण्यात आली. तुमच्याकडे ती असेल, तर वर्षाचा शेरा पक्का झाल्याबरोबर हला, मधेच नको. आणि नव्या मॅनेजरला आधीच स्पष्ट विचारा की या वर्षीचं मूल्यमापन कोण करणार, तो की जुना.

“बाहेर गेलं की पगार वाढतो, आत राहून काय मिळतं?”

हा आक्षेप खरा आहे. व्हार्टन स्कूल या अमेरिकेतल्या व्यवस्थापन संस्थेतले प्राध्यापक मॅथ्यू बिडवेल यांनी अमेरिकेतल्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेच्या २००३ ते २००९ या काळातल्या नोंदी तपासल्या. त्याच प्रकारच्या कामावर आतून बढती मिळालेल्यांपेक्षा बाहेरून आलेल्यांना सुमारे १८ टक्के जास्त पगार होता. मात्र पहिली दोन वर्षं त्यांचं मूल्यमापन कमी भरलं आणि त्यांना काढलं जाण्याचं व त्यांनी स्वतः सोडण्याचं प्रमाणही जास्त होतं. बँक आणि टेक कंपनी सारखी नसते, पण आपल्याकडे ऐकू येतं ते याच्याशी जुळतं. बाजार नवख्याला जास्त देतो, आणि त्या जास्तीच्या पैशात जोखमीचा मोबदला धरलेला असतो.

आत राहणाऱ्याने दुसरी बाजूही मांडावी. भारतात ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात. सूत्र सोपं आहे: शेवटचा मूळ पगार, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. मूळ पगार ६०,००० आणि सेवा १२ वर्षं असेल, तर रक्कम सव्वाचार लाखांच्या जरा खाली येते. दर तीन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्याला त्या बारा वर्षांत यातलं काहीच मिळत नाही. अमेरिकन कंपन्यांत शेअर मिळतात ते बहुधा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने, आणि मधे सोडलं तर उरलेले बुडतात. पगारातली तफावत यातून दरवेळी भरून निघते असं अजिबात नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा बाहेर मुलाखत देऊन आपला भाव जाणून घ्यावा. त्यात कंपनीशी बेइमानी कसली?

एकाच जागी राहून बाहेरची किंमत घटते का?

घटू शकते. मोठ्या कंपन्या स्वतःची अवजारं स्वतः बनवतात. गूगलमध्ये हजारो सर्व्हरवर कामं वाटून देणारी बोर्ग नावाची व्यवस्था होती. ती येणारा माणूस आत मोलाचा होता, पण बाहेर कोणाकडे बोर्ग नव्हतंच. २०१४ मध्ये गूगलने त्याच अनुभवावर आधारलेलं कुबरनेटीस सर्वांसाठी खुलं केलं आणि ते ज्ञान एकदम जगभर चालू लागलं. असं भाग्य प्रत्येक अवजाराच्या वाट्याला येत नाही.

स्वतःची परीक्षा घ्यायची एक सोपी रीत आहे. गेल्या दोन वर्षांचं काम दुसऱ्या कंपनीतल्या मित्राला कंपनीतलं एकही अंतर्गत नाव न घेता समजावून सांगा. जमलं तर त्यातलं बरंचसं ज्ञान तुमचं आहे. वाक्यावाक्याला अडखळायला झालं, तर ते ज्ञान कंपनीचं आहे आणि हलण्याची वेळ झाली आहे.

परदेशात असलेल्यांसाठी

पुण्या-मुंबईतून अमेरिकेत गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत कंपनीतली बदली आणि व्हिसा एकमेकांत गुंतलेले असतात. एल-१ व्हिसा तर कंपनीअंतर्गत बदलीसाठीच आहे. आधीच्या तीन वर्षांत त्याच कंपनीच्या परदेशातल्या शाखेत किमान एक वर्ष सलग काम केलेलं असावं लागतं. म्हणजे इथलं दीर्घ वास्तव्य तिथे जाण्याचा रस्ता बनतं. पण तो व्हिसा त्या कंपनीला बांधलेला असतो.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली, तर नवी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्याने काम बदलताना जास्तच सांभाळावं. तो अर्ज ठरावीक कामाच्या वर्णनावर केलेला असतो. प्रोग्रॅमिंगमधून एकदम विक्रीकडे गेलात, तर कंपनी तीच असूनही प्रक्रियेचा काही भाग नव्याने करावा लागू शकतो. नव्या मॅनेजरला हो म्हणण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला ईमेल करा.

मग नोकरी सुरक्षित राहते का?

नाही, आणि तसं वचन कोणी दिलं तर विश्वास ठेवू नका. आयबीएम माणसं काढत नाही अशी तिची दशकांची ख्याती होती. १९९३ मध्ये कंपनीला आठ अब्ज डॉलरच्या वर तोटा झाला आणि ती ख्याती संपली. हजारो लोक बाहेर पडले. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये सुमारे सहा हजार आणि जुलैमध्ये सुमारे नऊ हजार माणसं कमी केली. अख्खा विभाग बंद होतो तेव्हा चांगली माणसंही जातात.

वेगवेगळी कामं केलेल्या माणसाजवळ अशा वेळी दोन गोष्टी जास्त असतात. कंपनीच्या चार विभागांत त्याला नावाने ओळखणारी माणसं असतात. कपातीची यादी लागण्याआधी दुसरीकडे जागा मिळते ती बहुधा त्यांच्याच एका फोनवर. आणि बाहेर पडावंच लागलं, तर बायोडेटावर पंधरा वर्षांची एकच ओळ नसते. तिथे चार वेगळी कामं असतात. ती चार नोकऱ्यांसारखीच वेगवेगळी मांडावीत, प्रत्येकाखाली वर्षं, विषय आणि नेमकं काय केलं ते. कित्येक जण हे करत नाहीत. कंपनीचं नाव एकदा, सगळ्यात नवं पद एकदा, आणि मधली दहा वर्षं दोन ओळींत गुंडाळलेली. बायोडेटा चाळणाऱ्याला मग तो माणूस एकाच जागी बसून राहिलेला वाटतो.

कधीकधी निघून जाणंच बरं. रिलीज सलग दोनदा नाकारलं गेलं आणि एचआरकडूनही हालचाल झाली नाही, किंवा कंपनी आकाराने मोठी असूनही तिच्यात एकाच प्रकारचं काम आहे, किंवा तुम्हाला ज्या विषयाकडे जायचं आहे तो विभाग कंपनी विकायला निघाली आहे, तर आत वाट पाहत बसू नये. बाकीच्यांसाठी येतं अप्रेझल हा चांगला मुहूर्त आहे. चर्चेच्या खोलीत जाण्याआधी अंतर्गत पोर्टलवरच्या जागा वाचा, त्यातल्या एका टीमच्या मॅनेजरशी अर्धा तास बोला, आणि ते काम करायला आज आपल्याकडे नेमकं काय कमी पडतंय ते कागदावर उतरवा. कागदावर एक-दोन गोष्टी असतील, तर अर्ज करून टाका. सात-आठ असतील, तर त्यातली एक पुढच्या सहा महिन्यांच्या उद्दिष्टांमध्ये मॅनेजरकडून लिहून घ्या.